साळगडची सनद

"अजून खाली, बाई. पदर एवढा वर धरलात तर सरकारांनी सनद काय वरून फेकायची?"

दिवाणसाहेबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांवर पसरलं, गुडघ्यांत वाकले आणि समोरच्या रिकाम्या गादीपुढे डोळे मिटून उभे राहिले. रावबहादूर आगाशे एरवी कुणापुढे वाकत नसत. पण वाकायचं कसं, हे त्यांच्याइतकं बिनचूक साळगड संस्थानात कुणाला येत नव्हतं.

"असं," ते म्हणाले. "सरकार सनद सोडतील. तिचं वजन पदरात आलं की म्हणायचं, 'सरकारांनी दिलं, रयतेनं घेतलं.' तीनदा. म्हणा बघू."

"आत्ताच? पदरात तर काही नाही."

"ही तालीम आहे, बाई."

"तालमीतसुद्धा खोटं कसं बोलू, दिवाणसाहेब? मुलींना शाळेत काय सांगू?"

त्यांनी हसण्यावारी नेलं. मुलींच्या शाळेची मुख्य शिक्षिका तिखट जिभेची आहे, हे त्यांनी माझ्या पगारातच धरलेलं होतं. मीही त्यांना पुरतं ओळखून होते. माणसांचा जमाखर्च मांडायची मला जुनी खोड. दिवाणसाहेबांच्या खात्यावर हुशारी भरपूर जमा होती आणि ती सगळी गादीच्या पायाशी गहाण पडलेली होती.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आता संस्थान नाही, गादी नाही, तो दरबार हॉल सहकारी बँकेनं घेतलाय. पण तेव्हा साळगडच्या श्रीमंत उदाजीरावांनी ठरवलं होतं की आपल्या वाढदिवसाला रयतेला हक्कांची सनद द्यायची. प्रजा परिषदेनं सभा घेऊन आणि मोर्चे काढून त्यांना जेरीला आणलं होतं हे खरं, पण सरकार मनानंही त्यातलेच होते. विलायतेत शिकून आलेले, वाचनाचे वेडे. सनदेत बोलायचं आणि सभा भरवायचं स्वातंत्र्य होतं, चौकशीशिवाय कुणाला तुरुंगात टाकायचं नाही असं कलम होतं, लोकांनी निवडलेलं मंडळ होतं. आणि शेवटी, पाखरापुढे दाणा टाकावा तसं एक कलम माझ्यासाठी होतं: मुलींच्या शाळेत मॅट्रिकपर्यंतचे वर्ग.

माझी शाळा सातवीवर संपायची. त्यापुढे मुलगी एकतर लग्नाच्या बोहल्यावर दिसायची, नाहीतर दिसायचीच नाही. त्या वर्गांसाठी मी इतके अर्ज केले होते की दफ्तरातल्या कारकुनाला माझं अक्षर पाठ झालं होतं. आता ते वर्ग समोर आले होते. फक्त पदर पसरायचा होता.

सनद एका बाईनं घ्यावी ही कल्पना सरकारांची. पुण्याहून फोटोग्राफर येणार होता.

तालमीनंतर सरकारांनी मला चहाला बोलावलं. त्यांच्या पुस्तकांच्या खोलीत भिंतीवर पूर्वजांच्या तलवारी असायला हव्यात, तिथं फ्रान्सच्या आणि इंग्लंडच्या तत्त्ववेत्त्यांची चित्रं. सगळ्यांच्या डोक्यावर कुरळ्या केसांचे टोप.

"हे लोक नसते तर जगात आज फक्त राजे असते," सरकार म्हणाले. तिशीतला माणूस, उत्साहानं बोलताना बशीत चहा सांडायचा. "यांनी पहिल्यांदा स्वच्छ सांगितलं, की माणसाचे हक्क राजानं दिलेले नसतात. ते जन्माबरोबरच येतात. राज्य म्हणजे लोकांनी आपसांत आणि राज्यकर्त्याशी केलेला करार. लोकांची संमती, तीच राजाची सत्ता."

"असा करार कुठं झाला, सरकार? कुठल्या गावी?"

ते मोठ्यानं हसले. "झाला नाही हो! मानायचा. ती कल्पना आहे."

"आणि त्या कल्पनेत राजासुद्धा बांधलेला असतो?"

"अर्थात. दोघं बांधले गेले नाहीत तर करार कसला?"

"मग हक्क जन्मानंच येत असतील, तर उद्या सरकार आम्हाला देणार काय?"

सरकारांनी बशी खाली ठेवली. रागावले नाहीत. आवडता विद्यार्थी अवघड प्रश्न विचारतो तेव्हा मास्तर जसा बघतो, तसं बघितलं. "बाई, तत्त्व वेगळं, राज्य चालवणं वेगळं. दरबारात रीत एकच. सरकार देतं, रयत घेते. शब्दांवर काय जातंय? वर्ग तर सुरू होतील ना?"

"शेवटचं कलम वाचून दाखवता, सरकार?"

त्यांनी वाचलं. सरकारांची मर्जी असेतो हे हक्क चालतील. साळगडच्या प्रत्येक सनदेच्या शेवटी ते वाक्य असायचंच, देवळाच्या वहिवाटीपासून आंब्याच्या झाडापर्यंत. देणारा राजा गेला की सनद मेली. नवा राजा गादीवर बसेल, नजराणा घेईल, मर्जी असेल तर पुन्हा देईल.

"थोरले सरकार गेले तेव्हा शाळेचीही सनद गेली," मी म्हटलं. "दाराला वर्षभर दरबारचं कुलूप लागलं. आपण गादीवर आलात आणि पहिल्या आठवड्यात ते काढलंत, तो उपकार मी विसरलेले नाही. पण कुलूप निघालं तेव्हा वरच्या वर्गातली एकही मुलगी परत आली नाही. सगळ्यांची लग्नं उरकली होती."

"मी आहे तोवर तसं होणार नाही."

"तोवरच ना, सरकार?"

मला वाटतं, त्यांना मनातून पटलं होतं. पण पटणं आणि करणं यांच्यामधे राजाच्या घरी फार जिने असतात.

घरी आले तर प्रजा परिषदेचे चिटणीस मुळीक वकील ओसरीवर पाय सोडून बसलेले. गोलमटोल, कायम सुपारी कातरणारे, वारा कुठून येतो हे त्यांच्या नाकाला आधी कळायचं.

"वहिनी, तालमीत खोडी काढलीत म्हणे. उद्या काही वेडंवाकडं करू नका. पदरी पडलं पवित्र झालं!"

"आणि पदरातनं काढून घेतलं की?"

"तेव्हाचं तेव्हा. आधी हातात तर येऊ दे. मी तुरुंगात दोनदा जाऊन आलोय, तिथलं पिठलं मला सोसत नाही."

"भाऊजी, तुम्ही कोर्टात अशिलाला असाच सल्ला देता? जमीन तुझीच आहे, पण शेजाऱ्याकडून बक्षीस म्हणून घे?"

मुळिकांची सुपारी कातरायची थांबली. माणूस भित्रा होता, मठ्ठ नव्हता. "वहिनी, कोर्टात आणि दरबारात फरक असतोय," एवढं म्हणून त्यांनी चपला शोधल्या.

आमचे हे आत क्लॅरिनेट पुसत बसले होते. दौलतराव पिसाळ, दरबारचे बँडमास्तर. उद्या ते हॉलच्या गॅलरीत उभे राहणार. हुकूम असा, की सनद पदरात पडली की बँडमास्तरांनी छडी खाली आणायची आणि सलामी सुरू. आमचं राहतं घर बँडमास्तरांच्या नोकरीचं, माझा पगार शाळेचा. म्हणजे घरातल्या चुलीची दोन्ही लाकडं दरबारच्या वखारीतली.

"माझ्या मनात काय चाललंय, सांगू का?" मी विचारलं.

"नगं," ते क्लॅरिनेटच्या भोकातून उजेड बघत म्हणाले. "माझ्या तोंडावर सगळं दिसतंय. दिवाणसाहेब वाचत्याल."

"नोकरी जाईल कदाचित."

"लग्नात वाजवीन. लग्नातलं लोक निदान नाचत्यात तरी. दरबारात नुसती बैठकीवर बसून जांभया देत्यात." मग जरा थांबून म्हणाले, "पर येक सांग. वरनं मी छडी धरून उभा ऱ्हाणार. हात भरून येतोय. लई येळ लावू नगंस."

दुसऱ्या दिवशी दुपारी दरबार भरला. इनामदार, व्यापारी आणि पाटील बैठकांवर, मागं परिषदेची माणसं, चिकाच्या पडद्याआड राणीसाहेब. गादीच्या उजव्या हाताला, इतर सगळ्यांच्या बैठका जमिनीवर असताना, एकच खुर्ची होती. तिच्यावर इंग्रज सरकारचा पोलिटिकल एजंट, मांडीवर हॅट ठेवून.

मी शालूच्या रुमालानं झाकलेलं ताट घेऊन आत शिरले. दिवाणसाहेबांनी दारातच बघितलं.

"औक्षण? वा! तालमीत नव्हतं, पण शोभून दिसेल. आधी सनद, मग ओवाळा."

ललकारी झाली. सरकार उठले. लाल खिनखापाच्या पिशवीतली सनद दोन्ही हातांनी धरून पुढं आले. वर गॅलरीत छडी उचलली गेली. फोटोग्राफरनं काळ्या कापडात डोकं घातलं.

मी ताट चौरंगावर ठेवलं. डोक्यावरून आलेला पदर पुढं ओढला. आणि तो पसरण्याऐवजी कमरेला घट्ट खोचला, शेतात कामाला उभ्या राहणाऱ्या बाया खोचतात तसा.

हॉलमधे कुजबूज फिरली.

"पदर!" दिवाणसाहेब दातांतून म्हणाले. "बाई, पदर!"

मी ताटावरचा रुमाल काढला. खाली निरांजन नव्हतं. बेलाची पानं होती आणि पिवळाधमक भंडार, सकाळी खंडोबाच्या देवळातून आणलेला.

"सरकार," मी म्हटलं. पाठीमागच्या बाकावरच्या मुलीला ऐकू जाईल असं बोलायची सवय वीस वर्षांची. "हक्क जन्माबरोबर येतात, हे काल आपणच मला सांगितलंत. मग आमचंच आमच्या पदरात कसं टाकणार? आपण म्हणालात, राजा आणि लोकांचा करार ही कल्पना आहे. त्या विलायतेच्या विद्वानांना कल्पना करावी लागली, कारण त्यांच्याकडे तो झाला नव्हता. साळगडात झालाय."

सरकारांच्या भुवया वर गेल्या.

"आपले मूळ पुरुष रायाजीराव थोडी घोडी घेऊन परमुलखातून या खोऱ्यात आले. त्यांना गादी कुणी दिली? खोऱ्यातल्या गावांनी. खंडोबाच्या पायरीवर दोन्हीकडच्यांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली. रायाजीरावांनी राखायचं, गावांनी सारा भरायचा. जो मोडेल त्याला दुसरा बांधील नाही. दर चंपाषष्ठीला वाघ्ये हे गातात आणि सरकार स्वतः ऐकायला बसतात."

"खरं हाय!" मागून कुणीतरी ओरडलं. त्याला कुणीतरी खाली बसवलं.

"सनदेतली कलमं चांगली आहेत. त्यातलं एकही बदलू नका. फक्त शेवटचं काढा, आणि 'दिलं' म्हणू नका, 'राखीन' म्हणा. रायाजीरावांनी उचलला तसा भंडार उचला. आधी मी उचलते, रयतेच्या बाजूनं. कायदा पाळू, सारा भरू."

मी बेलाच्या पानावर भंडार घेऊन कपाळाला लावला आणि ताट सरकारांपुढं धरलं.

"बाई, बाजूला व्हा!" दिवाणसाहेब पुढं झाले. "हा गादीचा अपमान आहे."

"नाही, दिवाणसाहेब. बरोबरीनं शपथ घ्यायला सांगणं हा मान आहे. अपमान व्हायचाच तर पदर पसरून माझा झाला असता."

सरकारांनी दिवाणांना हातानं थांबवलं. ते माझ्याकडे कालच्यासारखंच बघत होते, चहा सांडणाऱ्या माणसाच्या नजरेनं.

"आणि मी करार मोडला तर?" त्यांनी हळू विचारलं.

"तर आम्ही सुटलो. आम्ही मोडला तर आपण सुटलात. तुमच्या टोपवाल्यांनी याहून निराळं काय लिहिलंय?"

ते हसले. खरंच हसले. सनद त्यांनी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढं आला. मी शपथेवर सांगते, तो हात आला होता. बोटं भंडाराच्या वर होती, अंगठीतला खडा पिवळा दिसायला लागला होता.

तेवढ्यात खुर्ची करकरली.

"राजासाहेब," पोलिटिकल एजंट म्हणाला. एवढंच. आवाज चढवला नाही, जागेवरून उठला नाही. हॅट फक्त एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली.

हात जागच्या जागी थांबला.

तेव्हा मला ते आठवलं. मीच नाही, अख्ख्या हॉलला आठवलं असणार. याच जागी सरकारांच्या गादीवर बसण्याचा समारंभ झाला होता. इंग्रज सरकारची मंजुरी आली, तेव्हा याच खुर्चीपुढं सरकार वाकून उभे राहिले होते आणि एजंटानं मानाची वस्त्रं त्यांच्या पसरलेल्या हातांवर ठेवली होती. त्यांचीही सनदच होती. तिच्याही शेवटी कुणाच्या तरी मर्जीचं कलम होतंच. शपथ घ्यायला आधी माणूस स्वतःचा असावा लागतो, आणि साळगडात ज्याच्यासाठी ललकारी व्हायची तोच एक स्वतःचा नव्हता.

"बाई," फक्त मला ऐकू येईल असं ते म्हणाले, "मला उचलता येत नाही."

मला त्यांची दया आली. पण दयेपोटी पदर सोडायचा नसतो.

"मग सनदही ठेवून घ्या, सरकार," मी म्हटलं, आणि हे सगळ्यांना ऐकू गेलं. "जे आपल्याच हातात नाही, ते आमच्या पदरात कशाला?"

गादीकडे पाठ करणं हा साळगडात गुन्हा होता. मी केली. ताट घेऊन लोकांकडे वळले. काय करायचं ते ठरवलेलं नव्हतं. माझा हिशेब सरकारांच्या हातापाशी संपत होता. बैठकीवरचे दोन व्यापारी उठून बाजूच्या दारानं सटकले. पाटील मंडळी एकमेकांच्या पागोट्यांकडे बघत बसली. ताट जड लागायला लागलं.

हॉलच्या पार मागच्या दाराकडून कुणाच्या तरी चपला फरशीवर वाजल्या. मुळीक वकील येत होते. सटकायच्या बेतानं दारात चपला घातल्या असणार, परत वळताना त्या काढायचं घाईत विसरले होते. माझ्यासमोर उभे राहिले, तोंडातली सुपारी गिळली, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तशातच त्यांनी भंडार उचलून कपाळाला फासला.

"राजा नसंल उचलत, तर आम्ही आपापसांत उचलतो," ते म्हणाले. "करार लोकांचा लोकांशी पण होतोय. कायद्यात बसतंय."

मी मांडलेल्या मुळिकांच्या खात्यात ही रक्कम कुठंच नव्हती. माझी आयुष्यातली एवढी मोठी चूक दुसरी नाही, आणि एवढी गोडही नाही. त्यांच्यामागून एक कोष्टी आला, मग दोन तरणे धनगर, मग मुलीला माझ्या शाळेत घालणारा एक कासार. सगळे नाही आले. हॉलमधले निम्मेसुद्धा नाही. पण ताट रिकामं झालं आणि दरबारच्या गालिच्यावर भंडाराचे पिवळे पाय उमटत दारापर्यंत गेले.

सरकार केव्हा निघून गेले ते मी पाहिलं नाही. सनद चौरंगावर पडून होती. तिला हात लावायला कुणी तयार होईना, तेव्हा शेवटी दिवाणसाहेबांनीच ती उपरण्यात गुंडाळून नेली.

संध्याकाळच्या आत आमच्या ह्यांची चौकशी झाली.

"सलामी का वाजली नाही?" दिवाणसाहेबांनी विचारलं.

"सनद पदरात पडली की वाजवा, असा हुकूम हुता, साहेब. पडली न्हाई."

"मग छडी खाली तरी आणायची!"

"तसा हुकूम नव्हता. अजून खांदा दुखतोय."

दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. घर सोडावं लागलं. सनद रद्द झाल्याचं दवंडी पिटून सांगण्यात आलं, परवानगीशिवाय माणसं जमवायला बंदी आली, आणि माझी सातवीपर्यंतची शाळाही सरकारांच्या मर्जीनं बंद झाली. मॅट्रिकच्या वर्गांसाठी गेले होते, हातची शाळा घालवून आले. बाजारात बायका मला ऐकवून म्हणायच्या, "एवढा ताठा नसता तर पोरी शिकल्या असत्या." काही अंशी खरं होतं ते. मी उत्तर देत नव्हते. उत्तर मुळिकांच्या सरकीच्या गोदामात झाडून काढत होते.

मुळीक कुरकुरत होते. "वहिनी, मी कपाळाला भंडार लावला, गोदाम द्यायचं कबूल केलं नव्हतं." पण किल्ली त्यांनीच आणून दिली. मॅट्रिकच्या परीक्षेला बाहेरून बसता येत होतं, त्याला दरबारची मर्जी लागत नव्हती. शिकवायला मी होते. फळा म्हणून एका बाजूची भिंत काळी केली. प्रश्न एवढाच होता की मुली येतील का.

वर्ग सुरू करायच्या सकाळी गोदामाच्या दारात पोलीस हवालदार उभा. धोंडीबा नाव; त्याची बहीण माझ्याकडे शिकली होती, म्हणून तो माझ्याकडे न बघता समोरच्या चिंचेकडे बघत होता.

"बाई, परवानगी हाय का?"

"कशाची?"

"माणसं जमवायची."

"माणसं कुठं आहेत? मी एकटीच आहे."

"जमली तर?"

"जमली तर त्यांना विचार, कुणाच्या परवानगीनं जन्माला आलात."

धोंडीबानं डोकं खाजवलं. वरून हुकूम होता की जमाव झाला तर पांगवायचा, पुढारी धरायचा. पुढारी समोर उभी होती. जमाव येत नव्हता. ऊन अंगणात आलं. लांब कोपऱ्यावर दोन मुली दप्तरं घेऊन उभ्या दिसल्या, हवालदार बघून तिथंच थांबल्या. त्यांच्या मागं एक बाप मुलीचा हात धरून. पुढं कुणी येईना. मागंही कुणी जाईना. मला उगाच वाटायला लागलं की आता मीच जाऊन एकेकीला हाताला धरून आणावं.

मग त्या दोघींच्या मधून वाट काढत एक मुलगी सरळ चालत आली. बारा-तेरा वर्षांची, घट्ट वेण्या, पायात चांगले बूट. मी तिला कधी शाळेत पाहिलं नव्हतं. तिला घरी मास्तर शिकवायला यायचे. धोंडीबानं मात्र तिला ओळखलं. टाचा जुळवून त्यानं चक्क सलाम ठोकला आणि दारातून बाजूला झाला. तो बाजूला झालेला बघताच कोपऱ्यावरचे पाय हलले.

मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दम लागला होता, पण पाठ केलेलं वाक्य तिनं एका श्वासात म्हटलं.

"मी वेणू आगाशे. दिवाणसाहेबांची नात. आजोबांनी सांगायला सांगितलंय की मी इथं शिकायला येते हे त्यांना ठाऊक नाही."

"असं? मग आत जाऊन बस," मी म्हटलं. "आणि संध्याकाळी त्यांना सांग, बाईंनाही ठाऊक नाही."